फिकट अक्षरांची फॅशन: काही गैरसमज

'ॲक्सेसिबिलिटी सांभाळायची तर डिझाइनची वाट लागते,' असं डिझायनर मंडळी हमखास म्हणतात. आकडे वेगळंच सांगतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट मोजता येतो. पांढऱ्यावर काळं म्हणजे 21:1. डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांत 'एए' पातळीला नेहमीच्या मजकुरासाठी 4.5:1 पुरतं, मोठ्या अक्षरांसाठी 3:1. पांढऱ्यावरची #777777 ही राखाडी छटा 4.48 वर नापास होते, #767676 मात्र 4.54 वर पास. दोन्ही शेजारी ठेवून फरक ओळखून दाखवा! लाडकी #999999 तर 2.85 लाच अडकते. मराठीत ती जास्तच नडते. बारीक फॉन्टमध्ये आधी गायब होतो तो अनुस्वार. त्यात इंग्रजीच्या मापाने ओळी आवळल्या, की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर चढतो. मांडणी ठरवतानाच 'लोरेम इप्सम' हा नमुन्याचा लॅटिन मजकूर काढून देवनागरी मजकूर टाकला असता, तर हे तिथेच दिसलं असतं.

'हे सगळं अंधांसाठी, आपले ग्राहक वेगळे.' चाळिशीचा चष्मा घरी विसरलेला माणूस तुमचा ग्राहक नाही? भर उन्हात रिक्षाचे पैसे फोनवरून देणारी बाई? आणि अंध ग्राहकांचाही हक्क आहेच. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या, डोळे मिचकावता न येणाऱ्या व्यक्ती, डोळे मिचकावून दाखवायला लावणाऱ्या डिजिटल केवायसीत अडकत होत्या. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला.

'फॉर्ममध्ये लाल चौकट दिसली की चूक कळते.' लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्यांना नाही कळत. चौकटीखाली 'पिनकोड सहा अंकी हवा' असं लिहा, प्रश्न मिटला.

'डार्क मोड डोळ्यांना बरा.' सरसकट नाही. ॲस्टिग्मॅटिझम असलेल्या अनेकांना काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरल्यासारखी दिसतात. निवड वापरणाऱ्यावर सोडावी.

'मोठ्या कंपन्या करतात म्हणजे तपासूनच.' ॲपलने 2025 मध्ये काचेसारखं पारदर्शक 'लिक्विड ग्लास' आणलं, मजकूर वाचवेना अशी ओरड झाली आणि आयओएस 26.1 मध्ये पारदर्शकपणा कमी करायचा पर्याय द्यावा लागला.

डिझायनरांनो, फोनमधला फॉन्ट सर्वांत मोठा करा, स्क्रीन वाचून दाखवणारं टॉकबॅक चालू करा आणि स्वतःच्या ॲपवरून एक बिल भरून बघा.