स्वस्त बेस गिटार आणि आपला कोकणी पावसाळा

नागोठण्यात पावसाळी दमट हवेत स्वस्त बेस गिटारची मान वाकते, तारा गंजतात. पण वाद्य टाकाऊ नसतं! गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये आणलेल्या प्रिसिजन बेसच्या वाजत्या तारेचं ३४ इंची माप आजच्या बहुतेक स्वस्त बेसलाही असतं; फक्त घरच्या घरी थोडी डागडुजी हवी.

🎸 मान : जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी साधारण ०.३ मिलिमीटर फट हवी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) पाव फेरा आवळा, फटच नसेल तर सैल करा. जोर लावू नका. एक दिवस थांबून पुन्हा बघा.

🎸 सूर : बाराव्या फ्रेटचा स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात हवा. चढा लागला तर ब्रिजवरचं सॅडल मागे, उतरला तर पुढे.

🎸 गुणगुण : तारांना हात लावताच ती कमी होते? बेसच्या आतल्या पोकळीत तांब्याची चिकटपट्टी लावून अर्थला जोडा.

🎸 खरखरणारं बटण : काँटॅक्ट क्लीनर मारून फिरवा.

🎸 गंज : वाजवून झाल्यावर तारा सुती फडक्याने पुसा, बॅगेत सिलिका जेल ठेवा.

नवा बेस घेण्याआधी एवढं नक्की करून बघा. अडलं तर खाली विचारा!

#बेसगिटार #नागोठणे