बॅटरी घरात आहे, पण हाताशी आहे का?

मैत्रिणींनो, तुमच्या घरी बॅटरी आहे का, असं विचारलं तर तुम्ही सगळ्याजणी "आहे की!" म्हणाल. (आपल्या वऱ्हाडात टॉर्चला बॅटरीच म्हणायचं आणि तिच्यात घालतात तो सेल. पुढं वाचताना तेवढं ध्यानात असू द्या.) पण रात्री अकराला लाइन गेली आणि तुम्ही मागच्या अंगणात असलात, तर ती बॅटरी तुमच्या हाताला लागेल का? बटन दाबल्यावर उजेड पडेल का?

हा प्रश्न मला कसा सुचला, ते आधी सांगते.

माझं माहेर मोर्शी तालुक्यातलं. संत्र्याची बाग, दोन म्हशी, मोठं घर. एवढ्या घरात बॅटरी मात्र एकच. तीन सेलची, पितळी, आजोबांच्या वेळची. खुंटीला टांगलेली असायची. ओलिताची लाइन रात्रीची आली, की बाबा ती घेऊन वावरात जात. आई पहाटे चारला उठून गोठ्यातून गोवऱ्या काढून आणी, ती अंधारातच. वाट पायाला पाठ झालेली, मग उजेड कशाला? एका दिवाळीच्या तोंडावर गोवरीबरोबर विंचू हातात आला. वेळेवर आरोग्य केंद्रात नेलं म्हणून निभावलं.

मी भेटायला गेले ती रागातच. म्हटलं, "आई, बॅटरी घेऊन जायला काय झालं होतं?"

तर आई म्हणते कशी, "बॅटरी तुह्या बाबानं वावरात नेली होती ना वं. मंग मले कोन देते उजीड?"

मी गप्प झाले. बाबांचंही काही चुकलं नव्हतं, वावरात साप असतात. चुकला होता तो आपला हिशेब. घराला एक बॅटरी, हा तो हिशेब. अंधारात जाणाऱ्या प्रत्येक माणसाला एक बॅटरी, असा तो हवा. आणि असा हिशेब धरला, की बॅटरी लहान हवी, स्वस्त हवी आणि टिकाऊही हवी.

मोबाइल आहे की!

तुम्ही म्हणाल, आता प्रत्येकीकडे मोबाइल आहे, त्यात दिवाही आहे. आहे, आणि अडीअडचणीला तो वापरावाही. पण ओल्या हातानं, शेणाच्या हातानं तो धरता येत नाही. पडला तर काच फुटते. आणि मुख्य म्हणजे, काही झालंच तर १०८ ला फोन लावायचा तो त्याच मोबाइलवरून. त्याचा चार्ज दिव्यात संपवून कसं चालेल?

साप-विंचवाची गोष्ट मी उगाच भीती घालायला काढलेली नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं दगावली. त्यातली बहुतेक खेड्यापाड्यांतली, आणि निम्मी तर पावसाळ्याच्या चार महिन्यांतली. मण्यार तर हिंडते रात्रीच. अंधारात चालताना जवळ उजेड ठेवा आणि पायांत जोडा घाला, हा साधा उपाय डॉक्टरही सांगतात. आता सौर वाहिन्यांमुळं शेतीला दिवसाची वीज मिळू लागली आहे, पण सगळ्यांच्याच वाट्याची रात्र अजून संपलेली नाही.

दुकानात गेल्यावर

अमरावतीच्या जवाहर गेटला जा, नाहीतर अकोल्याच्या टिळक रोडला, दुकानदार पहिलं वाक्य हेच म्हणणार, "ताई, याचा फोकस पार मालटेकडीवर जाते!" (अकोल्यात टेकडीचं नाव नसेल, एवढाच फरक.) आपण तिथंच फसतो. आपल्याला टेकडी बघायची नाही. आपल्याला बघायची आहे पुढची दहा पावलं, गोवऱ्यांचा ढीग, न्हाणीचा कोपरा. लांब जाणारा झोत बारीक असतो. मधोमध लख्ख ठिपका आणि बाजूला काळोख. विंचू त्या बाजूच्या काळोखात असतो. म्हणून दुकानातल्या भिंतीवर झोत टाकून बघा. मधल्या ठिपक्याभोवती मऊ उजेडाचं मोठं वर्तुळ पडलं पाहिजे.

खोक्यावर वॅटचा आकडा मोठा करून छापतात. वॅट म्हणजे वीज किती लागते ते. उजेड किती पडतो ते ल्युमेनवरून कळतं. अंगण आणि पायवाटेला १०० ल्युमेन पुष्कळ झाले. आणि कमी उजेडाची दुसरी पायरी असेल तर फारच छान. रात्री लेकराला पांघरूण घालायला तेवढा मंद उजेड पुरतो, ते जागंही होत नाही.

पूर्वी बॅटरीत तारेचा बल्ब असे. त्यात बरीचशी वीज नुसती तापण्यातच जायची, म्हणून दोन-तीन मोठे सेल लागत. निळा एलईडी दिवा निघाला, त्यातून पांढरा उजेड करता आला आणि हे सारं पालटलं. त्या निळ्या दिव्यासाठी तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेलही मिळालं. आज बोटाएवढी बॅटरी एका पेन्सिल सेलवर आजोबांच्या पितळीपेक्षा जास्त उजेड देते, ती त्यामुळंच.

आता या पाच गोष्टी दुकानातच करून बघा:

१. बॅटरी लावून जोरात हलवा, तळहातावर दोनदा आपटा. उजेड लुकलुकला तर स्प्रिंग ढिली आहे. ठेवून द्या.

२. बटन दहा-बारा वेळा दाबा. डोळे मिटून अंगठ्याला सापडतं का, तेही बघा. अंधारात तसंच शोधायचं आहे.

३. झाकण उघडून आटे बघा. ते नीट फिरले पाहिजेत आणि आत रबराची कडी हवी. खोक्यावर आयपीएक्स ४ लिहिलं असेल, तर पावसाचे शिंतोडे ती सोसते. आयपीएक्स ७ असेल, तर हौदात पडली तरी अर्धा तास तगते.

४. दोरी ओवायला मागं भोक आहे ना?

५. सेल बदलता येतो का? हे सगळ्यांत महत्त्वाचं.

सेल कोणता?

माझं मत विचाराल तर एका पेन्सिल सेलवर, म्हणजे ज्याच्यावर एए लिहिलेलं असतं त्यावर चालणारी बॅटरी घ्यावी. कारण तो सेल परतवाड्यापासून तेल्हाऱ्यापर्यंत कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. घड्याळातला काढून घातला, तरी रात्र निभावते. सेलवर आयएसआयची खूण बघून घ्या.

चार्जिंगची बॅटरी स्वस्तात उजेड देते, रोज वापरणारीला ती परवडते. पण भिंतीत खोचायची पिन असलेल्या जुन्या धर्तीच्या बॅटऱ्यांत बहुधा शिशाचा छोटा सेल असतो. महिनाभर रिकामा राहिला, की तो मरतो आणि त्याबरोबर बॅटरीही कचऱ्यात जाते. लिथियमची घ्यायची असेल, तर मोबाइलच्या वायरीनं चार्ज होणारी आणि सेल काढता येणारी बघा. दोन-तीन महिन्यांतून एकदा चार्ज करा आणि उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत मुळीच ठेवू नका. अकोल्याचा मे महिना तुम्हाला सांगायला नकोच. पारा ४५ च्या घरात असतो, डिक्कीत त्याहून जास्त.

किल्ल्यांच्या जुडग्याला लावायची, बटनासारख्या चपट्या सेलवरची इवलीशी बॅटरी फार गोड दिसते. पण घरात लहान मूल असेल तर ती आणूच नका. तो सेल मुलानं गिळला, तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. गिळल्याचा नुसता संशय आला, तरी तडक दवाखाना गाठा.

बॅटरी मरते कशानं?

बॅटऱ्या मोडून कमी जातात, सेल पाझरून जास्त जातात. साध्या सेलचं बाहेरचं जस्ताचं भांडंच वीज देताना झिजत जातं. पातळ झालं, की आतलं रसायन बाहेर येतं आणि स्प्रिंग खाऊन टाकतं. म्हणून संपलेला सेल आत ठेवू नका. दोन सेलची बॅटरी असेल, तर एक नवा नि एक जुना अशी जोडी लावू नका. आपल्याकडे सेल उन्हात ठेवून "ताजे" करायची जुनी रीत आहे. उबेनं ते घटकाभर चालतात खरे, पण पाझरायलाही तितकेच उत्सुक होतात.

पाझरलेच, तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून सेल काढा. पांढरी पूड जुन्या टूथब्रशनं झाडा. सेल अल्कलाइन असेल तर लिंबाच्या रसाचा बोळा फिरवा, साधा असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा. मग कोरडं पुसून उन्हात वाळवा आणि हात धुवा. जुने सेल चुलीत किंवा शेकोटीत कधीही टाकू नका.

खिसा नाही, तर काय?

या बॅटऱ्यांना दुकानात पॉकेट टॉर्च म्हणतात. पण लुगड्याला खिसा कुठं असतो, बाई? म्हणूनच बॅटरी कपाटात राहते आणि आपण अंधारात. यावर माझ्या अकोल्याच्या बहिणीनं युक्ती काढली. तिचा मुलगा श्रावणात कावड घेऊन जातो. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी आणून राजराजेश्वराला घालायचं, रात्रभर चालायचं, खांद्यावर कावड. मग बॅटरी धरायची कुठल्या हातात? तिनं त्याला गळ्यात घालायला बटवा शिवून दिला. तोच बटवा मी कमरेचा केला.

जुन्या साडीच्या फॉलचा किंवा जाड सुती कापडाचा १४ सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन घ्या. वरची कड २ सेंटिमीटर दुमडून शिवा. कापडाची उभी घडी घालून बाजू आणि तळ अर्धा-अर्धा इंच न धरता फक्त १-१ सेंटिमीटर धरून शिवा. वरच्या दुमडीतून नाडी ओवा. दहा सेंटिमीटरची बॅटरी यात नीट बसते. बटवा परकराच्या नाडीत अडकवा. सलवार घालणाऱ्यांनी शिवतानाच शिंप्याला बाजूचा खिसा सांगावा, तो नाही म्हणत नाही.

साधारण दीडशे ते पाचशे रुपयांत चांगली बॅटरी मिळते. दुकानागणिक भाव बदलतात, तेव्हा दोन दुकानं हिंडा. महिन्यातून एक वार ठरवा आणि त्या दिवशी घरातल्या सगळ्या बॅटऱ्या लावून बघा, जशी आपण गॅसची नळी बघतो.

त्या दिवाळीला मी आईला बॅटरी आणि बटवा दिला. आधी तिनं नाकं मुरडली, "मले कायले पाह्यजे हे?" आता तिच्या कमरेला किल्ल्या आणि बॅटरी शेजारी शेजारी असतात. परवा फोनवर सांगत होती, की लाइन गेली तेव्हा बाबांनीच तिला हाक मारली, "अवं, जरा तुही बॅटरी दाखव इकडं."

"तुही बॅटरी" हे शब्द सांगताना आई काय हसली म्हणता!