फोटोओळ म्हणजे फोटोचे वर्णन नव्हे

प्रवासाचे फोटोपुस्तक स्वखर्चाने काढणारे अनेकजण फोटोओळीत (छायाचित्राखालचा छोटा मजकूर) फोटोत दिसते तेच पुन्हा लिहितात. फोटोओळीचे काम न दिसणारे सांगण्याचे. टीव्हीवरचा समालोचक चेंडू सीमापार गेला एवढेच सांगून थांबत नाही. क्षेत्ररक्षक का हलवला तेही सांगतो.

वरठीच्या रेल्वे स्थानकाचा फोटो घ्या. पाटीवर ‘भंडारा रोड’ असे दिसते. त्याखाली ‘स्थानकाची पाटी’ लिहिले तर जागा वाया गेली. ‘स्थानक वरठीत, भंडारा शहर इथून सुमारे १० किलोमीटर’ ही ओळ उपयोगाची. मजकूर याहून वाढला तर मांडणीत (पानाची रचना) त्याला समोरचे पान द्यावे. फोटोतले आकाश रिकामे दिसते म्हणून तिथे परिच्छेद कोंबण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. तो टाळावा.

छपाईला देण्यापूर्वी प्रत्येक फोटोओळ झाकून फोटो पाहा. काहीच कमी वाटले नाही, तर ती ओळ काढून टाका.