विश्लेषण : मसालेदार वेफर्समध्ये बटाटा किती आणि तेल किती?

मधल्या सुट्टीपासून रेल्वे प्रवासापर्यंत वेफर्सचे पाकीट सगळीकडे सोबत असते. ‘बटाट्याचेच तर आहेत’ असे म्हणून ते मुलांच्या हाती दिले जाते. पण पाकिटात पोहोचेपर्यंत त्या बटाट्याचे काय होते?

तळल्यावर काय बदलते?
कच्च्या बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी आणि नाममात्र चरबी असते. १०० ग्रॅममागे ऊर्जा ७५ ते ८० किलोकॅलरी. काप तळताना पाणी वाफ होऊन जाते आणि काही जागा तेल घेते. त्यामुळे १०० ग्रॅम वेफर्समध्ये साधारण ३० ते ३५ ग्रॅम चरबी आणि ५३० ते ५५० किलोकॅलरी असतात. म्हणजे ५० ग्रॅमचे पाकीट संपवले, की चहाचे तीन ते साडेतीन चमचे तेल पोटात जाते. ते पामोलिन असेल, तर संपृक्त चरबीही सूर्यफूल तेलापेक्षा बरीच जास्त.

‘फ्लेवर’ म्हणजे काय?
पाकिटावर टोमॅटो, कांदा, पुदिना यांची चित्रे असली, तरी कापांवर भुरभुरलेली असते ती मसाल्याची भुकटी. त्यात मीठ, साखर, मिरची, कांदा-लसूण पावडर, आंबटपणासाठी सायट्रिक आम्ल (३३०) आणि चव खुलवणारे ६२७, ६३१ असे घटक असतात. हे क्रमांक मान्यताप्राप्त घटकांचे आहेत. खरी चिंता मिठाची.

मीठ किती?
जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढांसाठी दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम मीठ, म्हणजे २,००० मिलिग्रॅम सोडियम. १०० ग्रॅम वेफर्समध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर ५० ग्रॅमच्या पाकिटातच या मर्यादेचा पाचवा हिस्सा संपतो. लहान मुलांसाठी मर्यादा याहूनही कमी आहे. शिवाय घरातले लोणचे, पापड, आमटी वेगळेच.

लेबल कसे वाचावे?
आकडे १०० ग्रॅमचे आहेत की एका ‘सर्व्हिंग’चे, हे आधी पाहावे. पाकिटात अनेकदा एकापेक्षा जास्त सर्व्हिंग असतात. सोडियमला अडीचने गुणले, की मिठाचा अंदाज येतो. ‘कोलेस्टेरॉल नाही’ या दाव्याला भुलू नये. वनस्पती तेलात ते मुळात नसल्यातच जमा असते. ‘बेक्ड’ प्रकारात तेल कमी असते, मीठ मात्र तपासावे.

मग खायचेच नाहीत का?
कधीतरी मूठभर खायला हरकत नाही. रोजच्या डब्यात मात्र नकोत. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे किंवा जिरे घातलेला उकडलेला बटाटा भूकही भागवतो आणि खिशालाही परवडतो.