डुकराच्या खाद्यातले औषध आणि आपला गोठा



उसाच्या अंकात डुकरांचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण विषय आहे शेतकऱ्याच्या गोठ्यातल्या औषधाचा, आणि ज्या देशाची ही हकिगत आहे तो देश आपल्यासारखाच सहकाराचा आहे. तो देश म्हणजे डेन्मार्क. तिथल्या शेतकऱ्यांनी डुकराच्या मांसाचा पहिला सहकारी कारखाना १८८७ साली होर्सेन्स गावी काढला. आपला प्रवरानगरचा कारखाना उभा राहिला त्याच्या साठ-एक वर्षे आधी. आपण कारखान्याला ऊस घालतो, ते डुकरे घालतात, एवढाच फरक.

औषध खाद्यात कसे आले?

१९५० च्या सुमारास अमेरिकेत असे आढळले की कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात अँटिबायोटिक औषध थोडेसे मिसळले तर जनावर लवकर वजन धरते. मग काय, पुष्कळ देशांत ही रीतच पडली. जनावर धडधाकट असले तरी रोज खाद्यातून औषध. डेन्मार्कमध्येही तेच झाले.

यात धोका काय, ते उसाच्या भाषेत सांगतो. बेणेमळ्यात आपण गवताळ वाढीची, रोगट बेटे उपटून टाकतो. चांगली ठेवतो आणि त्यांचेच बेणे पुढे लावतो. दोन-तीन हंगामांत सगळे रान त्याच बेण्याचे होते. जनावराच्या आतड्यात औषध नेमके हेच काम करते, पण उलट्या बाजूने. नरम जंतू मरतात, औषधाला दाद न देणारे चिवट जंतू उरतात, आणि पुढची सगळी पैदास त्यांची होते. आपल्या उसाला बारा महिने लागतात. जंतूला सोयीची जागा मिळाली तर अर्ध्या तासात एकाचे दोन होतात. शिवाय हा चिवटपणा एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. सातबाऱ्याची नक्कल काढून हातात द्यावी, तसेच.

चोवीस किलो आणि चोवीस हजार किलो

दवाखान्यात दुसरी औषधे चालेनाशी झाली की डॉक्टर व्हँकोमायसिन काढतात. हे राखीव औषध. त्याचाच एक सख्खा भाऊ, अ‍ॅव्होपार्सिन, डुकरे-कोंबड्यांच्या खाद्यात जात होता. १९९४ साली डेन्मार्कमध्ये आजारी माणसांसाठी व्हँकोमायसिन लागले २४ किलो, आणि जनावरांच्या खाद्यात अ‍ॅव्होपार्सिन गेले २४ हजार किलो! एका भावाला सरावलेला जंतू दुसऱ्यालाही जुमानत नाही. असे जंतू जनावरांत सापडले तेव्हा सरकारने १९९५ साली अ‍ॅव्होपार्सिन बंद केले. त्याच वर्षी जनावरांच्या डॉक्टरांनी औषधविक्रीवर नफा कमवायचा, यालाही आळा घातला. औषध लिहून देणारा आणि विकणारा एकच असला की काय होते, हे सांगायला नको.

कोंबड्यांत चिवट जंतू झपाट्याने कमी झाले. डुकरांत मात्र होईनात. कारण शोधल्यावर कळले की डुकरांना टायलोसिन नावाचे दुसरे औषध चालूच होते, आणि दोन्ही औषधांना तोंड देण्याचे गुण जंतूच्या एकाच नकलेवर नोंदलेले होते. टायलोसिन चालू ठेवून आपण पहिलाही चिवटपणा जोपासत होतो, असे तिथल्या लोकांच्या ध्यानात आले. १९९८ साली तेही खाद्यातून गेले, आणि मग डुकरांतला आकडा उतरला. एक औषध बंद केले म्हणजे काम झाले असे नाही, हा यातला धडा.

उत्पन्न बुडाले का?

१९९८ मध्ये डुकरे पाळणाऱ्यांनी आपण होऊन मोठ्या डुकरांच्या खाद्यातले वाढीचे औषध थांबवले. १९९९ संपेपर्यंत पिलांचेही थांबले. त्रास झालाच. आईपासून तोडलेल्या पिलांना हगवण लागू लागली आणि उपचाराचे औषध काही काळ वाढले. मग त्यांनी पिले उशिरा तोडली, खाद्य बदलले, लसी टोचल्या, आणि एक गट गेला की गोठा धुऊन मगच दुसरा भरायचा असा शिरस्ता पाडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००२ साली हिशेब मांडला तेव्हा डुकरामागे खर्च सुमारे एक टक्का वाढलेला दिसला. १९९२ साली तिथे वर्षाला १ कोटी ८४ लाख डुकरे तयार होत, २००८ साली २ कोटी ७१ लाख झाली. आणि किलोमागे औषध निम्म्याहून कमी लागले. २०१० पासून ज्याच्या गोठ्यात औषध प्रमाणाबाहेर जाईल त्याला सरकार 'पिवळे कार्ड' दाखवते.

तरी सगळे संपले असे समजू नका. शेजारच्या हॉलंडमध्ये २००४ च्या सुमारास डुकरे पाळणाऱ्या कुटुंबांत एक स्टॅफिलोकोकस जंतू सापडला. पेनिसिलिनच्या घराण्यातली बहुतेक औषधे त्याला लागू पडत नाहीत. २००६ पासून तिथे जिवंत डुकरांत वावरणारा माणूस इस्पितळात भरती झाला की आधी वेगळ्या खोलीत ठेवून तपासतात. तोच जंतू पुढे डेन्मार्कच्या बहुतेक गोठ्यांत पसरला. विचार करा, आयुष्यभर जनावरे सांभाळणारा शेतकरी, आणि दवाखान्यात त्याच्यासाठी वेगळी खोली!

आपल्याशी संबंध काय?

२०१५ साली चीनमध्ये डुकरांत आणि माणसांत असे जंतू सापडले की ज्यांच्याकडे कोलिस्टिन या अखेरच्या औषधाविरुद्धची नक्कल होती, एकाकडून दुसऱ्याकडे सहज जाणारी. तिथे कोलिस्टिन खाद्यात सर्रास वापरत होते. चीनने २०१७ साली वाढीसाठीचा तो वापर थांबवला. आपल्या सरकारने जुलै २०१९ मध्ये कोंबड्या, मासे आणि दूध-मांसाच्या जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली.

आपल्या बहुतेक सभासदांच्या दारात दोन-चार गाई-म्हशी आहेत. कासेला दगडी झाली की दुकानातून सुई आणायची, दोन दिवस टोचायची आणि सूज उतरली की सोडून द्यायची, ही सवय घरोघर आहे. "मागच्या वेळी ह्याच सुईनं गुण आला होता, आता का येत नाही?" या प्रश्नाचे एक उत्तर वर आले आहे. म्हणून एवढे पाळा:

१. अँटिबायोटिक डॉक्टरांनी तपासल्याशिवाय देऊ नका. शेजाऱ्याची उरलेली बाटली तर मुळीच नको.

२. मात्रा आणि दिवस डॉक्टर सांगतील तेवढेच. मनाने कमी नाही, जास्त नाही.

३. लाळ्या-खुरकूत, लम्पी हे विषाणूंचे रोग. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. लस वेळेवर टोचून घ्या.

४. औषध चालू असताना आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीला घालू नका, घरातही वापरू नका. तारीख वहीत लिहा.

५. धारेआधी कास धुऊन कोरडी करा, हात स्वच्छ ठेवा, गोठा कोरडा ठेवा. दगडीच कमी होईल.

६. उसाला कोंबडीखत ताजे टाकू नका. ढीग लावून, पाणी देऊन, चाळवून चांगले कुजू द्या. ढीग आतून तापला की पुष्कळसे जंतू मरतात.

७. खाद्याच्या पोत्यावर काय लिहिले आहे ते वाचा. 'वाढीचे औषध' म्हणून कोणी पुडी दिली तर आत काय आहे ते विचारा.

यातल्या कशालाही मोठा खर्च नाही. डेन्मार्कच्या शेतकऱ्याने वजनाचा थोडा लोभ सोडला. त्याचा धंदाही टिकला आणि औषधही कामाचे राहिले. उद्या आपल्या घरातले लेकरू तापाने फणफणले, तर डॉक्टरांच्या सुईला गुण यायला हवा. आजच्या गोठ्यातल्या वागण्याशी त्याचा संबंध आहे, हे सर्व सभासदांनी ध्यानात ठेवावे.

— ऊस विकास अधिकारी