घराच्या कागदावर घरच्या बाईचे नाव

आमच्या वस्तीतील विहारात रविवारची वंदना संपली की चार-सहा भगिनी हमखास थांबतात. कुणाच्या हातात रेशनकार्ड असते, कुणाच्या हातात बँकेचे पासबुक. प्रश्न ठरलेला असतो. "भाऊ, सरकार घराला अडीच लाख देतं म्हणतात. ते कुठं मिळतात?"

मी कारकून माणूस. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे हिशेब मला कळतो, फॉर्म भरता येतो, आणि समाजाच्या कामात असल्याने लोक विश्वासाने विचारतात. पण मी स्वतः या बाबतीत कसा फसलो, हे मी आजवर फारसे कुणाला सांगितले नव्हते. आज सांगतो, कारण माझी चूक वाचून चार घरे शहाणी झाली तर ती चूक फुकट गेली नाही असे मला वाटेल.

माझ्या घराची गोष्ट

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये मी टिटवाळ्याकडे एक खोली-किचन घेतले. किंमत १४ लाख. साठवलेले पाच लाख आणि नऊ लाखांचे कर्ज. आमच्या तीन पिढ्या भाड्याच्या खोलीत गेल्या, म्हणून करारनाम्यावर सही करताना माझा हात थरथरत होता. सही माझी, नाव माझे, कर्जही माझे. पत्नी बाजूच्या बाकावर मुलीला घेऊन बसली होती. तिचे नाव घालावे असे मला सुचले नाही, आणि तिलाही कुणी विचारले नाही.

त्या वेळी प्रधानमंत्री आवास योजनेत व्याज अनुदान होते. वर्षाला सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला सहा लाखांच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याजसवलत, म्हणजे जास्तीत जास्त २ लाख ६७ हजार रुपये थेट कर्जखात्यात जमा. मी बँकेत अर्ज दिला आणि निर्धास्त झालो. काही महिन्यांनी अर्ज परत आला. कारण एकच ओळीचे होते : मालकीत कुटुंबातील स्त्रीचे नाव नाही.

नवा दस्त, बँकेची संमती, पुन्हा अर्ज अशी धावपळ सुरू केली. पण आमच्या उत्पन्न गटासाठी ती योजना ३१ मार्च २०२२ रोजी बंद झाली. त्या वेळच्या सात टक्के दराने हिशेब केला तर महिन्याचा हप्ता सुमारे दोन हजार रुपयांनी कमी झाला असता. वीस वर्षे, दर महिन्याला दोन हजार!

त्या रात्री पत्नी रागावली नाही. ताट वाढता वाढता एवढेच म्हणाली, "अहो, तुम्ही विहारात हिंदू कोड बिलावर तासभर बोलता. बाबासाहेबांनी बाईच्या हक्कासाठी मंत्रिपद सोडलं म्हणता. आणि आपल्या घराच्या कागदावर माझं नाव घालायला विसरलात?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

आता काय मिळते?

जुने व्याज अनुदान संपले. परंतु १ सप्टेंबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० सुरू झाली आहे. हिच्यात शहरातील कुटुंबासाठी मुख्यतः तीन वाटा आहेत.

पहिली वाट, कर्ज काढून घर घेणाऱ्यांची. वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असावे. पहिल्या आठ लाखांच्या कर्जावर चार टक्के व्याजसवलत मिळते. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. म्हणजे ही रक्कम एकदम हातात येत नाही, आणि कर्जखाते चालू ठेवावे लागते. हप्ते थकवणाऱ्याने या पैशाची आशा धरू नये.

दुसरी वाट, स्वतःची जागा असून घर कच्चे असणाऱ्यांची. उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अडीच लाख बांधकामाला मिळतात. लोक ज्या अडीच लाखांविषयी विचारतात ते हे. तिसरी वाट, शासकीय किंवा भागीदारीतील प्रकल्पात घर घेण्याची. तेथेही अनुदान अडीच लाखांचेच, पण ते घराच्या किमतीत धरलेले असते. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी घरे राखीव असतात. त्या जाहिरातीवरही लक्ष ठेवावे.

अट सर्वांना सारखी आहे. नवरा, बायको व अविवाहित मुले हे एक कुटुंब. या कुटुंबाच्या नावे देशात कुठेही पक्के घर नसावे, आणि मागील वीस वर्षांत कोणत्याही सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा. गावचे घर वडिलांच्या नावावर असेल तर लग्न झालेल्या मुलाचे कुटुंब वेगळे धरले जाते. पण वारसाने तुमचेच नाव लागले असेल तर ते लपवू नका. खोटे प्रतिज्ञापत्र अंगाशी येते.

रमाईच्या नावाची योजना

आपल्या समाजासाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची रमाई आवास घरकुल योजना आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना २६९ चौरस फुटांच्या घरासाठी ग्रामीण भागात १ लाख २० हजार, डोंगराळ व नक्षलग्रस्त भागात १ लाख ३० हजार आणि शहरी भागात अडीच लाख हे मूळ अनुदान आहे. शासन ही रक्कम वेळोवेळी बदलते, म्हणून अर्ज देताना चालू आकडा विचारून घ्यावा. गावात ग्रामपंचायत व पंचायत समितीकडे, शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिकेकडे अर्ज द्यायचा.

माता रमाईचे बहुतेक आयुष्य परळच्या चाळीतील खोलीत गेले. राजगृह उभे राहिले, पण स्वतःच्या घराचे सुख तिला फार थोडा काळ लाभले. २७ मे १९३५ रोजी ती गेली. तिच्या नावाच्या योजनेतले घरकुल घेताना तरी घरच्या बाईला कागदाबाहेर ठेवू नये.

या योजनेत आपली माणसे मुख्यतः जागेवर अडतात. घर मंजूर होऊ शकते, पण पायाखालची जमीनच नावावर नसते. ग्रामीण भागातील अशा भूमिहीनांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. पूर्वी तिच्यात पन्नास हजार मिळत, आता जागेसाठी एक लाखापर्यंत मिळतात. ग्रामसेवकाला हे नाव घेऊन विचारा.

नाव कुणाचे?

प्रधानमंत्री आवास योजनेत घर कुटुंबातील स्त्रीच्या नावे किंवा पती-पत्नी दोघांच्या नावे असावे लागते. घरात प्रौढ स्त्रीच नसेल तरच एकट्या पुरुषाचे नाव चालते.

याशिवाय महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून राहते घर फक्त स्त्रीच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. २० लाखांच्या घराला २० हजार वाचतात. पण नीट लक्षात घ्या, पतीचे नाव सोबत जोडले की ही सवलत जाते. सुरुवातीला असे घर पंधरा वर्षे पुरुषाला विकता येत नसे. ती अट २०२३ मध्ये काढली गेली.

मग पुरुष विचारतात, "बाईला पगार नाही, कर्ज कोण देणार?" मालक पत्नी आणि सहकर्जदार पती, असे करता येते. करारनामा करण्याआधीच बँकेत हे बोलून घ्यावे. पतीला आयकरात सवलत हवी असेल तर तोही मालक असावा लागतो, हे खरे. पण ज्याच्या पगाराला आयकरच लागत नाही, त्याने ती सवलत सांगून पत्नीचे नाव मागे टाकू नये.

जातीच्या दाखल्याची अडचण

"आम्ही धर्म बौद्ध लिहितो, मग अनुसूचित जातीचा लाभ कसा?" असे काउंटरवर अजूनही ऐकवले जाते. घाबरून जाऊ नका. महाराष्ट्रात नवबौद्धांना सवलती १९६० पासून आहेत, आणि १९९० च्या दुरुस्तीने केंद्रानेही बौद्धांना अनुसूचित जातीत मान्यता दिली. केंद्राच्या कामासाठी मूळ जातीचा उल्लेख असलेला, बौद्ध धर्मांतरितांचा वेगळा दाखला मिळतो. तो घरातील प्रत्येकाचा, विशेषतः पत्नीचा, आजच काढून ठेवावा. तिच्या माहेरच्या कागदपत्रांवर तिचा दाखला निघतो, आणि ते कागद मिळवायलाच महिने जातात.

त्यासोबत आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा व रहिवासी दाखला, पासबुक आणि जागा असल्यास सातबारा, नमुना ८ किंवा मालमत्ता पत्रक एका पिशवीत ठेवावे. सर्व कागदांवर नाव एकसारखे असावे. आधारवर "शांताबाई" आणि रेशनकार्डावर "शांता" एवढ्यावरून अर्ज पडून राहिलेले मी पाहिले आहेत.

दलालापासून सावध

अनुदान थेट लाभार्थ्याच्या खात्यात येते. कुणी "साहेबांना द्यायचे" म्हणून दहा-वीस हजार मागितले तर देऊ नका. बांधकामाचे अनुदान टप्प्याटप्प्याने, काम झालेले दिसल्यावर मिळते. ते येईल या भरवशावर सावकाराकडून शेकडा पाच टक्क्यांनी पैसे उचलू नका. सरकारचा हप्ता उशिरा येईल, सावकाराचे व्याज उशीर करत नाही.

बिल्डरकडून घर घेताना प्रकल्पाचा महारेरा नोंदणी क्रमांक पाहा. करारनामा नोंदवण्याआधी त्याला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर विकलेल्या तयार घरावर जीएसटी लागत नाही.

आमच्या विहारात आम्ही आता एक पद्धत पाडली आहे. करारनामा करण्यापूर्वी नवरा-बायको दोघांनी कागद घेऊन यायचे. एकटा पुरुष आला तर महिला मंडळाच्या अध्यक्षा त्याला परत पाठवतात. सुरुवातीला काहींना राग आला. पण मागच्या दिवाळीत आमच्या वस्तीतील एका सफाई कामगार भगिनीने दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली, तेव्हा तिच्या नवऱ्यानेच शेजाऱ्यांना बोलावून ती दाखवली.

माझ्या घराच्या दस्तावरही आता पत्नीचे नाव आहे. बक्षीसपत्र करून अर्धा हिस्सा तिच्या नावे केला. गेलेले अनुदान परत आले नाही. पण ती पाटी पाहून आल्यावर मीही नवी पाटी करून घेतली. तिच्यावर पहिले नाव तिचे आहे.