जुन्या गाडीला मोठी डिस्क बसवताय? आधी हे तपासा

घाट उतरताना ब्रेकचं पेडल मऊ पडतं, म्हणून काहीजण जुन्या गाडीला दुसऱ्या मॉडेलची मोठी डिस्क आणि कॅलिपर बसवून घेतात. मोठी डिस्क तापायला वेळ लागतो, त्यामुळे लांब उतारावर ब्रेक टिकतो, हे खरं. पण जोरात दाबल्यावर चाकं आधीच लॉक होत असतील, तर गाडी काही लवकर थांबणार नाही. तिथे टायरची पकडच कामाला येते.

कॅलिपरचा पिस्टन मोठा आणि मास्टर सिलिंडर जुनाच, असं झालं की पेडल खोल जातं. पुढचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त लागतो, मागचे ड्रम नावालाच उरतात. एबीएस नसलेल्या गाडीची पुढची चाकं ओल्या रस्त्यावर लॉक झाली, की स्टेअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. शिवाय १३ इंची रिममध्ये मोठं कॅलिपर बहुतेक वेळा मावत नाही. कॅलिपर घासून, वॉशर घालून बसवतो म्हणणाऱ्याकडे तर गाडी देऊच नका.

बऱ्याचदा दोष ब्रेक ऑईलचा असतो. ते हवेतला ओलावा ओढतं. नवं डॉट-३ ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शिरलेलं मात्र १४० च्या आसपासही उकळू शकतं. मग पाइपात वाफ धरते आणि पेडल मऊ पडतं. म्हणून आधी ऑईल बदला, पॅड बघा, ड्रम सेट करून घ्या आणि घाट खालच्या गिअरमध्येच उतरा.